शेजारच्या गॅरेजमधली मोजपट्टी: रेसिंग ड्रायव्हरची थोरवी कशी ठरवावी

डिसेंबर २०२० मध्ये बहारीनमधल्या सखीर ग्रां प्री या फॉर्म्युला वन शर्यतीच्या काही दिवस आधी मर्सिडीजचा ड्रायव्हर लुईस हॅमिल्टन याला कोविड झाल्याचे निष्पन्न झाले आणि मर्सिडीज संघाने त्याच्या जागी विल्यम्स संघातल्या बावीस वर्षांच्या जॉर्ज रसेलला बोलावून घेतले. विल्यम्सची गाडी त्या काळात रांगेच्या शेवटी धावत असे आणि तिच्यातून रसेलला तोवर फॉर्म्युला वनचा एकही गुण मिळाला नव्हता. मर्सिडीजच्या कॉकपिटमध्ये मावण्यासाठी उंचापुऱ्या रसेलला नेहमीपेक्षा एक माप लहान बूट घालावे लागले. तरीही शर्यत कोणी कुठून सुरू करायची हे ठरवणाऱ्या पात्रता फेरीत तो त्या गाडीत मुरलेल्या वाल्तेरी बोटासपेक्षा अवघ्या ०.०२६ सेकंदांनी मागे, म्हणजे दुसऱ्या क्रमांकावर राहिला, आणि शर्यत सुरू होताच त्याने बोटासला मागे टाकून आघाडी घेतली. संघाने पिटमध्ये, म्हणजे टायर बदलण्याच्या थांब्यावर, चुकून बोटासच्या वाटणीचे टायर त्याच्या गाडीला लावले आणि पुढे एक टायर पंक्चर झाला, म्हणून तो नववा आला. तसे झाले नसते, तर ती शर्यत बहुधा त्याचीच होती.

मागच्या रविवारचा रसेल आणि या रविवारचा रसेल यांत काहीही फरक पडलेला नव्हता. बदलली होती ती गाडी. मोटारशर्यतीत माणसाचे कर्तृत्व ओळखणे इतके अवघड का असते, हे यापेक्षा स्वच्छ दाखवणारे उदाहरण अलीकडच्या काळात घडलेले नाही. टेनिसपटू रॅकेट बदलून शेवटच्या क्रमांकावरून पहिल्यावर येत नाही आणि फलंदाजाला बॅट बदलून शतके करता येत नाहीत. फॉर्म्युला वनमध्ये मात्र प्रत्येक संघ आपली गाडी स्वतः घडवतो, त्यामुळे स्पर्धकांच्या हातातली साधनेच मुळात असमान असतात. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण आपण सबब सांगणाऱ्याला ऐकवतो. या खेळात अंगण खरोखरच वाकडे असते, आणि प्रत्येक संघाचे वेगळ्या तऱ्हेने वाकडे असते.

याच गोष्टीची दुसरी बाजू जेन्सन बटनने अनुभवली. २००८ च्या संपूर्ण हंगामात होंडा संघाकडून त्याला फक्त ३ गुण मिळाले. होंडाने खेळातून माघार घेतली, संघप्रमुख रॉस ब्रॉन यांनी तोच संघ आणि ब्रॅकलीचा तोच कारखाना ताब्यात घेतला, आणि २००९ ची नवी गाडी नियमांतल्या एका फटीचा लाभ घेणाऱ्या दुहेरी डिफ्यूझरसह मैदानात उतरली. गाडीच्या मागच्या टोकाखालून हवा वेगाने बाहेर काढून गाडी रस्त्याला अधिक घट्ट दाबून धरणारी ही रचना होती. बटनने पहिल्या ७ पैकी ६ शर्यती जिंकल्या आणि तो जगज्जेता झाला. हिवाळ्यातल्या चार महिन्यांत त्याला गाडी चालवण्याची नवी विद्या प्राप्त झाली, असे कोणीही म्हणणार नाही.

मग विजेतेपदे, विजय आणि गुण यांवरून ड्रायव्हर तोलायचा नाही, तर कशावरून तोलायचा? फॉर्म्युला वनच्या वर्तुळात याचे एक जुने आणि बव्हंशी योग्य उत्तर आहे: त्याच्या टीममेटवरून. प्रत्येक संघ दोन गाड्या उतरवतो. त्या एकाच आराखड्यावर बांधलेल्या असतात, त्यांत एकाच जातीचे इंजिन असते आणि त्यांच्यावर एकाच कारखान्यातली माणसे काम करतात. मैदानात उतरलेल्या सर्व प्रतिस्पर्ध्यांपैकी ज्याच्या हातात आपल्यासारखेच साधन आहे, असा माणूस एकच, आणि तो शेजारच्या गॅरेजमध्ये असतो. म्हणून ड्रायव्हर मंडळी म्हणतात की ज्याला सर्वांत आधी हरवायचे, तो आपला टीममेटच.

ही मोजपट्टी कशी वापरायची, हे मोनॅको १९८८ च्या पात्रता फेरीवरून चांगले समजते. मॅक्लारेन संघाची एमपी ४/४ ही गाडी त्या वर्षी इतकी वरचढ होती की तिने १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. मोनॅकोच्या अरुंद रस्त्यांवर आयर्टन सेन्नाने सर्वांत जलद फेरी मारली. दुसरा आला त्याचा टीममेट अलेन प्रॉस्ट, १.४२७ सेकंदांनी मागे. तिसरा होता फेरारीचा गेरहार्ड बर्गर, प्रॉस्टच्याही १.२६ सेकंद मागे. नुसत्या निकालावरून इतकेच दिसते की सेन्नाने बर्गरला सुमारे पावणेतीन सेकंदांनी हरवले, आणि त्यात सेन्नाचा वाटा किती व मॅक्लारेनचा किती, हे सांगता येत नाही. मध्ये प्रॉस्ट उभा असल्यामुळे ते अंतर दोन भागांत तुटते. प्रॉस्ट आणि बर्गर यांच्यातले अंतर प्रामुख्याने गाडीचे आहे, आणि सेन्ना व प्रॉस्ट यांच्यातले प्रामुख्याने माणसाचे. एकाच गाडीतल्या दोन अव्वल ड्रायव्हरांमध्ये एरवी फेरीमागे दोन-तीन दशांश सेकंदांचाही फरक मोठा मानतात. तिथे जवळजवळ दीड सेकंद म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. आणि मागे पडलेला माणूस कोणी सामान्य ड्रायव्हर नव्हता, तोवर दोनदा जगज्जेता झालेला प्रॉस्ट होता.

दुसऱ्याच दिवशी मात्र चित्र पालटले. शर्यतीत सेन्ना प्रॉस्टच्या पन्नासहून अधिक सेकंद पुढे असताना, अखेरच्या टप्प्यात, त्याची गाडी पोर्तिए वळणावरच्या कठड्यावर आदळली आणि शर्यत प्रॉस्टने जिंकली. हंगामाअखेर सेन्नाचे ८ विजय झाले आणि प्रॉस्टचे ७. एकूण गुण प्रॉस्टचे जास्त होते, १०५ विरुद्ध ९४. पण त्या काळच्या नियमानुसार १६ पैकी सर्वोत्तम ११ निकालच धरले जात, त्या हिशेबाने सेन्नाचे ९० आणि प्रॉस्टचे ८७ भरले, आणि विजेतेपद सेन्नाकडे गेले. त्या हंगामात १३ पोल पोझिशन (पात्रता फेरीतला पहिला क्रमांक) सेन्नाच्या होत्या आणि २ प्रॉस्टच्या. एकाच गाडीत, एकाच वर्षी, त्याच दोन माणसांची तुलना पात्रता फेरीवरून केली तर एकतर्फी दिसते, विजयांवरून केली तर बरोबरीची, आणि सर्व गुण धरले तर उलटीच. मोजपट्टी मिळाली, तरी तिच्या कोणत्या कडेने मोजायचे हे ठरवावेच लागते.

माझ्या मते पहिली कड पात्रता फेरीची असावी. तिथे दोघांना समान संधी असते, इतर गाड्यांचा अडथळा कमी असतो आणि डावपेचांचा भाग थोडा असतो. एखाद्या फेरीत पाऊस मध्येच आला किंवा यंत्र बिघडले, तर ती फेरी बाजूला ठेवावी आणि पूर्ण हंगामातल्या अंतरांची सरासरी काढण्याऐवजी ती अंतरे चढत्या क्रमाने लावून मधले अंतर पाहावे, म्हणजे एखाद्या विचित्र दिवसामुळे हिशेब बिघडत नाही. पण शर्यत म्हणजे एक फेरी नव्हे. टायर जपणे, इंधन राखणे, गर्दीतून वाट काढणे आणि दीड-दोन तास चूक न करणे, यांसाठी दुसरी कड लागते, आणि ती पुष्कळ धूसर आहे.

गुणांवर विसंबणे का धोक्याचे, याचे सर्वांत बोलके उदाहरण पुन्हा रसेल आणि हॅमिल्टन यांच्याच जोडीचे आहे. ते दोघे २०२२ ते २०२४ अशी तीन वर्षे मर्सिडीजमध्ये एकत्र होते. हॅमिल्टनचे एकूण गुण ६९७ आणि रसेलचे ६९५. यावरून कोणीही म्हणेल की दोघे तंतोतंत बरोबरीचे होते आणि हॅमिल्टन केसभर पुढे. परंतु २०२४ मध्ये बेल्जियमच्या स्पा सर्किटवर रसेल पहिला आला होता आणि शर्यतीनंतर त्याची गाडी किमान वजनापेक्षा दीड किलोने हलकी भरल्यामुळे त्याला बाद करण्यात आले. विजय दुसऱ्या आलेल्या हॅमिल्टनला मिळाला. ते दीड किलो नसते, तर तीन वर्षांचा हिशेब सरळ तीस गुणांनी रसेलच्या बाजूला झुकला असता. दोघांपैकी कोणाच्याही चालवण्यात त्यामुळे तसूभर फरक पडला नसता. हॅमिल्टन आणि बटन २०१० ते २०१२ या काळात मॅक्लारेनमध्ये होते, तेव्हाही बटनचे गुण ६७२ आणि हॅमिल्टनचे ६५७ झाले. विजय मात्र हॅमिल्टनचे १० आणि बटनचे ८ होते. २०१६ मध्ये निको रोझबर्गने हॅमिल्टनला ३८५ विरुद्ध ३८० अशा पाच गुणांनी हरवून विजेतेपद मिळवले. त्याच वर्षी मलेशियात हॅमिल्टन आघाडीवर असताना त्याच्या इंजिनाने पेट घेतला होता. रोझबर्गचे श्रेय यामुळे कमी होते असे मला वाटत नाही, कारण हाताशी आलेली संधी त्याने सोडली नाही. पण पाच गुणांच्या फरकावरून ‘रोझबर्ग श्रेष्ठ’ असा निवाडा देणारा माणूस ड्रायव्हर मोजत नसून इंजिनांचे टिकाऊपण मोजत असतो.

भारतीय वाचकाला हे नारायण कार्तिकेयनच्या आकड्यांतही दिसेल. फॉर्म्युला वनमध्ये त्याच्या नावावर ५ गुण आहेत आणि ते सर्व एकाच शर्यतीतले, २००५ च्या इंडियानापोलिसमधले. टायर सुरक्षित नसल्याने मिशलिनचे टायर वापरणाऱ्या सातही संघांनी शर्यत सुरू होण्याआधी माघार घेतली आणि फक्त ६ गाड्या धावल्या. कार्तिकेयन चौथा आला आणि जॉर्डन संघातला त्याचा टीममेट टियागो मॉन्टेरो तिसरा. ते ५ गुण आपल्यासाठी अभिमानाचे आहेत, आणि असावेत, पण कार्तिकेयन किती वेगवान होता, हे त्यांवरून कळत नाही. ते पाहायचे, तर उरलेल्या वर्षभरातली त्याची आणि मॉन्टेरोची तुलना करावी लागते, ज्या शर्यतींत दोघेही बहुतेक वेळा गुणांच्या आसपास फिरकत नव्हते.

आता या मोजपट्टीतला सर्वांत मोठा दोष पाहू. ‘तीच गाडी’ असे आपण म्हणतो, ते पूर्ण खरे नसते. नवा सुटा भाग तयार झाला की तो आधी कोणाच्या गाडीला लावायचा, हे संघ ठरवतो. २०१० मध्ये सिल्व्हरस्टोनला रेड बुलकडे नव्या धर्तीची पुढची पंखी एकच उरली, तेव्हा ती मार्क वेबरच्या गाडीची काढून सेबॅस्टियन व्हेटेलच्या गाडीला लावण्यात आली. शर्यत वेबरनेच जिंकली, हा भाग वेगळा. २००२ मध्ये ऑस्ट्रियात फेरारीने रुबेन्स बारिकेलोला शेवटच्या सरळ रस्त्यावर वेग कमी करून मायकेल शूमाकरला विजय द्यायला लावले. असे प्रसंग उघड दिसतात, म्हणून त्यांचा हिशेब करता येतो. त्याहून खोल आणि न दिसणारी असमानता गाडीच्या स्वभावात असते.

प्रत्येक ड्रायव्हरची वळण घेण्याची स्वतःची ढब असते. कोणाला गाडीचे पुढचे टोक इतके तल्लख लागते की चाक किंचित वळवताच नाक आत शिरावे, मग मागचे टोक सैल पडले तरी चालेल. कोणाला मागचे टोक घट्ट रुतलेले नसेल तर विश्वासच वाटत नाही. मॅक्स व्हर्स्टापेन पहिल्या जातीचा आहे. संघ आपल्या सर्वांत वेगवान माणसाचे मत ऐकून गाडी विकसित करत जातो, आणि काही वर्षांनी ती गाडी त्याच्याच हाताला साजेशी होऊन बसते. पिएर गॅस्लीला २०१९ मध्ये रेड बुलमध्ये व्हर्स्टापेनच्या शेजारी इतके जड गेले की हंगामाच्या मध्यावर त्याला धाकट्या टोरो रोसो संघात परत पाठवण्यात आले. त्याच वर्षी त्याने ब्राझीलमध्ये दुसरा क्रमांक मिळवला आणि पुढच्या वर्षी, त्या धाकट्या संघाचे नाव अल्फाटॉरी झाल्यावर, मोंझाची शर्यत जिंकली. अर्ध्या हंगामावरून ज्यांनी गॅस्लीला निकालात काढले होते, त्यांनी गॅस्ली मोजला नव्हता. गॅस्ली आणि ती विशिष्ट गाडी यांचे जमत नाही, एवढेच मोजले होते.

सर्जिओ पेरेझचे काय झाले, ते याच प्रकाशात पाहायला हवे. २०२३ मध्ये व्हर्स्टापेनचे ५७५ गुण झाले आणि पेरेझचे २८५. त्या वर्षीच्या २२ शर्यतींपैकी १९ व्हर्स्टापेनने आणि २ पेरेझने जिंकल्या. पुढच्या वर्षी हे अंतर ४३७ विरुद्ध १५२ इतके वाढले, व्हर्स्टापेन जगज्जेता झाला, आणि संघ मात्र संघांच्या क्रमवारीत तिसरा राहिला. हे आकडे ऐकून दोन माणसे दोन विरुद्ध गोष्टी सांगतात. एक म्हणतो, व्हर्स्टापेन विलक्षण आहे. दुसरा म्हणतो, गाडी त्याच्यासाठीच बेतलेली आहे. माझ्या मते दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, कारण अशा निसरड्या, क्षणात हातातून सुटणाऱ्या गाडीतून वेग काढता येणे हीच तर त्याची विद्या आहे. परंतु त्या अंतरातला किती भाग विद्येचा आणि किती बेताचा, हे एका टीममेटकडे पाहून वेगळे काढता येणार नाही. त्यासाठी अनेक टीममेट लागतात, आणि शक्य तर वेगवेगळ्या गाड्या.

इथून साखळीची कल्पना निघते. अ आणि ब एकत्र होते, ब आणि क एकत्र होते, म्हणून अ आणि क यांची तुलना ब च्या मध्यस्थीने करता येईल. अशी कडीला कडी जोडत गेले, तर वेगवेगळ्या पिढ्यांतले ड्रायव्हरही एका ओळीत उभे करता येतात. शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी १९५० ते २०१४ या काळातल्या निकालांवर सांख्यिकीची पद्धत वापरून ड्रायव्हरचा वाटा आणि संघाचा वाटा वेगळा काढण्याचा असाच प्रयत्न केला. संघाचा वाटा ड्रायव्हरच्या वाट्यापेक्षा बराच मोठा आहे आणि तो काळाबरोबर वाढत गेला आहे, पावसात आणि शहरातल्या रस्त्यांवर आखलेल्या सर्किटांवर तो कमी होऊ शकतो, आणि संघाचा वाटा वजा केल्यावर सर्वांत वर हुआन मॅन्युएल फँजिओ येतो, असे त्यांना आढळले. पावसाबद्दलचा निष्कर्ष मला विशेष पटतो. ओल्या रस्त्यावर गाडीची रस्त्यावरची पकड कमी होते, कारखान्याने दिलेला लाभ आटतो, आणि रस्ता कुठे किती धरतो हे शोधण्याचे काम माणसावर येते.

साखळी मात्र तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच पक्की असते. रोझबर्गने २०१० ते २०१२ अशी तीनही वर्षे मर्सिडीजमध्ये शूमाकरला गुणांत मागे टाकले. पुढे हॅमिल्टनने रोझबर्गला चारपैकी तीन हंगामांत हरवले. म्हणून हॅमिल्टन शूमाकरपेक्षा दोन पायऱ्या वर, असे गणित कोणी मांडले तर त्यात एक गोष्ट निसटते: तो शूमाकर तीन वर्षांच्या निवृत्तीनंतर परतलेला, एक्केचाळीस वर्षांचा होता. कडी जोडताना माणसाचे नाव तेच राहते, माणूस तोच राहत नाही. फँजिओच्या काळात तर कडीच हाती लागत नाही, कारण तेव्हा चालू शर्यतीत सहकाऱ्याची गाडी मागून घेता येत असे. १९५६ मध्ये मोंझाला पीटर कॉलिन्सने आपली फेरारी उतरून फँजिओला दिली, आणि फँजिओ चौथ्यांदा जगज्जेता झाला. तरीही फँजिओचा दावा मी बळकट मानतो, तो वेगळ्या कारणासाठी. आल्फा रोमिओ, मर्सिडीज, फेरारी आणि मासेराती अशा चार घराण्यांच्या गाड्यांतून त्याने पाच विजेतेपदे मिळवली. गाडी बदलत राहिली आणि निकाल तोच राहिला, तर निकालाचे कारण गाडीपलीकडे शोधावे लागते.

हाच विचार मला प्रॉस्टकडे परत नेतो, कारण या मोजपट्टीवर ज्याची उंची लोकांच्या आठवणीतल्या उंचीपेक्षा जास्त भरते, असा ड्रायव्हर तो आहे. निकी लाउडा, केके रोझबर्ग, सेन्ना, नायजेल मॅन्सेल आणि डेमन हिल असे पाच टीममेट त्याला लाभले, जे त्याआधी किंवा त्यानंतर जगज्जेते झाले. या पाचांसोबतच्या सात हंगामांत गुणतालिकेत तो फक्त दोनदा मागे राहिला: १९८४ मध्ये लाउडाच्या आणि १९८८ मध्ये सेन्नाच्या. लाउडाच्या मागे तो फक्त अर्ध्या गुणाने राहिला, ७१.५ विरुद्ध ७२. तो अर्धा गुण मोनॅकोचा होता. पावसामुळे ती शर्यत मध्येच थांबवून अर्धे गुण देण्यात आले, म्हणून विजेत्या प्रॉस्टला ९ ऐवजी ४.५ गुण मिळाले. शर्यत पूर्ण झाली असती आणि मागून झपाट्याने येणाऱ्या तरुण सेन्नाने त्याला गाठून दुसऱ्या क्रमांकावर ढकलले असते, तरीही प्रॉस्टला ६ गुण मिळाले असते आणि विजेतेपदही.

पण १९८४ च्या त्या हंगामात मला गुणांपेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. वेगात लाउडा प्रॉस्टच्या जवळही नव्हता. वर्षभरात त्याला एकदाही पोल पोझिशन मिळाली नाही. एका फेरीच्या वेगात या तरुणाला गाठता येणार नाही, हे ओळखून त्याने शनिवारच्या पात्रता फेरीचा नाद सोडला, गाडी रविवारच्या शर्यतीसाठी बसवली, टायर आणि यंत्र जपले, आणि पहिल्या रांगेच्या मागून सुरुवात करूनही पाच शर्यती जिंकल्या. पात्रता फेरीची कड लावली, तर तो पूर्ण हरलेला दिसतो. आणि तरीही जगज्जेता तोच. प्रॉस्ट शेजारच्या गॅरेजमधून हे पाहत होता. चार वर्षांनी तो स्वतः लाउडाच्या जागी आला आणि त्याच्या जागी सेन्ना आला, तेव्हा त्याची शर्यतीची रीत लाउडाच्या रीतीशी पुष्कळ मिळतीजुळती होती. १९८९ मध्येही सेन्नाच्या १३ पोल झाल्या आणि प्रॉस्टच्या २, सेन्नाने ६ शर्यती जिंकल्या आणि प्रॉस्टने ४. विजेतेपद प्रॉस्टला मिळाले, ७६ विरुद्ध ६० गुणांनी. सेन्नाची गाडी त्या वर्षी अनेकदा बिघडली आणि सुझुकाला दोघांची टक्करही झाली, हे हिशेबात धरूनही, त्या ७६ गुणांत थोडा लाउडा मुरलेला आहे, असे मला वाटते.